अल्गोरिदमला ज्यांचं नाव मिळालं : मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी

गेट, नेट-सेट, बँक भरती, एमपीएससी. परीक्षा कुठलीही असो, आपल्या घरातल्या मुलामुलींना लॉजिकल रीझनिंगचा पेपर घाम फोडतो. कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांच्या वाट्याला त्यात कॉम्प्युटर आर्किटेक्चरची भर पडते. गेटच्या १०० गुणांपैकी १५ गुण जनरल ॲप्टिट्यूडचे असतात, आणि कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन अँड आर्किटेक्चर हा स्वतंत्र विभाग असतो. मग मुलं काय करतात? शॉर्टकटचे व्हिडिओ बघतात, सूत्रं पाठ करतात, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की अडकतात. त्यातूनच ‘गणित आपल्याला जमत नाही’ ही समजूत घरात रुजते.

अशा वेळी मुलांना ज्यांची ओळख करून द्यावी असे एक बुजुर्ग साधारण १२०० वर्षांपूर्वी बगदादमध्ये होऊन गेले. त्यांचं नाव मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी. कॉम्प्युटरच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात भेटणारा ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्या नावावरून आलेला आहे, आणि ‘अल्जिब्रा’ हा शब्द त्यांच्या पुस्तकाच्या नावावरून. हे सामान्यज्ञान म्हणून बऱ्याच मुलांना माहीत असतं. पण हा माणूस नेमकं काय करत होता आणि कशासाठी करत होता, हे फारसं सांगितलं जात नाही. खरा धडा तर तिथेच आहे.

ख्वारिज्म ते बगदाद

अल-ख्वारिज्मींचा जन्म इ.स. ७८० च्या सुमाराचा मानला जातो. ख्वारिज्म हा मध्य आशियातला, अरल समुद्राच्या दक्षिणेकडचा प्रदेश. आज त्याचा काही भाग उझबेकिस्तानात आणि काही तुर्कमेनिस्तानात येतो. त्यांच्या घराण्याचं मूळ तिथलं, म्हणून ते ‘ख्वारिज्मी’. जसे आपल्याकडे रत्नागिरीकर, सोलापूरकर, तसंच हे.

त्यांचं कामाचं आयुष्य मात्र बगदादमध्ये गेलं. बगदाद तेव्हा अगदी नवं शहर होतं. खलिफा मन्सूर यांनी ७६२ मध्ये ते वसवायला घेतलं होतं. ख्वारिज्मी तरुण झाले तोपर्यंत तिथे कागद तयार होऊ लागला होता, पुस्तकांच्या नकला करणाऱ्यांची दुकानं होती, आणि ग्रीक, सुरियानी, फारसी, संस्कृत अशा अनेक भाषांमधलं इल्म अरबीत आणलं जात होतं. खलिफा मामून यांच्या काळात, म्हणजे ८१३ ते ८३३ या वर्षांत, या कामाला मोठा राजाश्रय मिळाला. त्यांच्या ‘बैतुल हिकमत’शी जोडल्या गेलेल्या विद्वानांमध्ये ख्वारिज्मींचं नाव येतं. बनू मूसा म्हणून ओळखले जाणारे तीन भाऊ आणि फिलॉसॉफर अल-किंदी हे त्यांच्याच काळातले.

ख्वारिज्मींनी कुणाकडून शिकायचं याला कुंपण घातलं नाही. ग्रीक विद्या समोर होती, ती घेतली. हिंदुस्थानातून आलेली विद्या तर त्यांच्या कामाचा पायाच ठरली.

एकं, दहं आणि रिकामी जागा

इ.स. ७७० च्या दशकात सिंधकडून एक शिष्टमंडळ बगदादच्या दरबारात आलं. त्यांच्यासोबत खगोलशास्त्राचा एक संस्कृत ग्रंथ होता. ब्रह्मगुप्त यांनी ६२८ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या परंपरेतलं हे ज्ञान. अरबीत त्याला ‘सिंधहिंद’ म्हणू लागले. पुढे ख्वारिज्मींनी त्याच्या आधाराने ग्रहताऱ्यांच्या स्थितीचे तक्ते तयार केले.

त्यांनी दुसरं एक छोटं पुस्तक हिंदुस्थानी अंकांवर लिहिलं. फक्त नऊ अंक आणि रिकाम्या जागेसाठी एक छोटं वर्तुळ, एवढ्या सामानात कितीही मोठी संख्या कशी लिहायची हे त्यांनी त्यात समजावलं. अंक तोच, पण एकंच्या घरात असला तर त्याची किंमत वेगळी, दहंच्या घरात वेगळी, शतंच्या घरात वेगळी. आज दुसरीतलं मूल हे शिकतं. पण तेव्हा बगदादचे व्यापारी बोटांवर हिशेब करायचे आणि कारकून संख्या अक्षरांनी लिहायचे. हा नवा हिशेब पाटीवर धूळ पसरून करायचे. आकडा लिहायचा, पुसायचा, पुढच्या घरात सरकवायचा. आपल्याकडची धूळपाटी आठवावी.

या पुस्तकात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आहेतच, पण त्यासोबत दुप्पट करणं आणि निम्मं करणं या दोन वेगळ्या क्रियाही शिकवल्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कॉम्प्युटरकडे वळलो की ती पुन्हा भेटेल.

रिकाम्या जागेला अरबीत ‘सिफर’ म्हणत. युरोपच्या भाषांमधून फिरत फिरत त्याचाच ‘झिरो’ झाला. आणि आपली मराठी बघा: हिशेब, रक्कम, जमा, वसूल, बाकी हे सगळे शब्द अरबीतून आलेले. आपल्या आजोबांनी दुकानाच्या वहीत रोज लिहिलेली भाषा हीच.

जब्र आणि मुकाबला

इ.स. ८२० च्या सुमारास त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं: ‘अल-किताबुल मुख्तसर फी हिसाबिल जब्र वल-मुकाबला’. प्रस्तावनेत त्यांनी हेतू स्पष्ट सांगितला आहे. लोकांना रोजच्या व्यवहारात लागतो तो हिशेब सोपा करून द्यायचा. वारसा, वसीयत, वाटण्या, खटले, व्यापार, जमिनीची मोजणी, कालवे खोदणं, या सगळ्यासाठी.

जब्र म्हणजे मोडलेलं जोडणं, जसं हाडवैद्य हाड बसवतो तसं. समीकरणाच्या एका बाजूला काही वजा असेल तर ते दोन्ही बाजूंत मिळवून ती बाजू पूर्ण करायची. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून सारखं असेल ते काढून टाकायचं. या दोन क्रिया केल्या की कुठलंही अवघड दिसणारं गणित सहा ठरावीक प्रकारांपैकी एकात येऊन बसतं. मग त्या प्रकारासाठी ठरलेल्या पायऱ्या चढायच्या.

त्यांचं एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. एका संख्येचा वर्ग आणि त्याच संख्येची १० पट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? पायऱ्या अशा: १० चे निम्मे ५. पाचाचा वर्ग २५. तो ३९ मध्ये मिळवला, ६४ झाले. चौसष्टचं वर्गमूळ ८. त्यातून ५ वजा केले, उरले ३. पडताळा: तीनाचा वर्ग ९, तीनाची दहापट ३०, बेरीज ३९. बरोबर.

यात एक्स नाही, वाय नाही, अधिकचं चिन्हसुद्धा नाही. पुस्तकभर सगळं शब्दांत लिहिलेलं. अज्ञात संख्येला ते ‘शय’ म्हणजे वस्तू किंवा ‘जिज्र’ म्हणजे मूळ म्हणतात. आणि पायऱ्या सांगून ते थांबत नाहीत. पुढे चौकोन काढून दाखवतात की २५ का मिळवायचे. मूळ चौकोनाच्या दोन बाजूंना पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या जोडल्या तर कोपऱ्यात पाच बाय पाचची जागा रिकामी राहते. ती भरली की आठ बाय आठचा पूर्ण चौकोन तयार. एकदा हे चित्र डोळ्यांसमोर बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही, आणि विसरलं तरी पुन्हा काढता येतं.

मिरासचा हिशेब

पुस्तकाचा साधारण अर्धा भाग वसीयत आणि वारशाच्या गणितांनी भरलेला आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से ठरवून दिलेले आहेत. हिस्सा ठरलेला असला तरी प्रत्यक्ष वाटणी करायला अपूर्णांक यावे लागतात. ख्वारिज्मींनी ती जबाबदारी आपली मानली.

त्यांनी घातलेलं एक गणित पाहा. एक बाई वारली. मागे नवरा, एक मुलगा आणि तीन मुली. तिने एका बाहेरच्या व्यक्तीला मालमत्तेचा १/८ आणि १/७ हिस्सा देण्याची वसीयत केली आहे. कुणाला किती?

पहिली पायरी: वसीयत मालमत्तेच्या एक तृतीयांशाच्या आत आहे का? १/८ आणि १/७ मिळून १५/५६. एक तृतीयांशापेक्षा कमी, म्हणून चालेल. दुसरी पायरी: वसीयत गेल्यावर उरले ४१/५६. तिसरी पायरी: मुलंबाळं असल्यामुळे नवऱ्याला उरलेल्याचा १/४. चौथी पायरी: बाकी ३/४ मुलांमध्ये, मुलाला दोन भाग आणि प्रत्येक मुलीला एक, म्हणजे एकूण पाच भाग. पाचवी पायरी: उरलेल्या मालमत्तेचे २० समान भाग केले तर नवरा ५, मुलगा ६, प्रत्येक मुलगी ३. सहावी पायरी: ५६ गुणिले २० म्हणजे ११२०. एकूण मालमत्तेचे इतके भाग करायचे.

उत्तर: वसीयतीचे ३००, नवऱ्याचे २०५, मुलाचे २४६, प्रत्येक मुलीचे १२३. बेरीज करून बघा: ३०० अधिक २०५ अधिक २४६ अधिक ३६९ बरोबर ११२०. एकही भाग इकडेतिकडे नाही.

रीझनिंगच्या पेपरात ‘ब्लड रिलेशन’चे प्रश्न येतात. कोण कुणाचा कोण हे आधी कागदावर मांडायचं, मग अट लावायची, मग उत्तर काढायचं. मिरासच्या गणितात तेच करावं लागतं. फरक एवढाच की इथे एक पायरी चुकली तर एक गुण जात नाही, एका मुलीचा हक्क जातो. आपल्याकडे आजही कित्येक घरांत बहिणीच्या हिश्श्याचा हिशेब मांडलाच जात नाही. आधी हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ख्वारिज्मींनी मात्र त्या तीन मुलींचे १२३-१२३ भाग वेगळे काढून दाखवले. गणित येणं आणि न्याय करणं या दोन गोष्टी त्यांच्या पुस्तकात एकाच पानावर बसलेल्या आहेत.

नाव युरोपात कसं गेलं

गणिताखेरीज त्यांनी भूगोलावरही काम केलं. ‘सूरतुल अर्ज’ या ग्रंथात त्यांनी शहरं, डोंगर, समुद्र, बेटं, नद्या अशा २४०२ ठिकाणांचे अक्षांश-रेखांश दिले. ग्रीक विद्वान टॉलेमीचे जुने आकडे त्यांच्यासमोर होते, पण जिथे चूक दिसली तिथे त्यांनी दुरुस्ती केली. उदाहरणार्थ, टॉलेमीने भूमध्य समुद्राची लांबी फार जास्त धरली होती, ती त्यांनी कमी केली. मोठ्या नावाचा आदर राखूनही चूक सुधारता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

इ.स. ८५० च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. त्यांची पुस्तकं मात्र प्रवास करत राहिली. अंदलुस म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये ती वाचली गेली. ११२६ मध्ये ॲडलार्ड ऑफ बाथ यांनी त्यांच्या खगोलीय तक्त्यांचा लॅटिनमध्ये अनुवाद केला. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टर यांनी स्पेनमधल्या सेगोव्हिया शहरात ‘जब्र’चा अनुवाद केला. अंकांवरचं पुस्तकही लॅटिनमध्ये गेलं. त्यात ‘अल-ख्वारिज्मी’चं ‘अल्गोरित्मी’ झालं. हळूहळू लोक त्या नव्या पद्धतीच्या हिशेबालाच अल्गोरिझम म्हणू लागले, आणि पुढे कुठल्याही पायरीपायरीने करायच्या कृतीला अल्गोरिदम.

१९७९ मध्ये जगभरातले कॉम्प्युटर शास्त्रज्ञ अल्गोरिदमवरच्या एका परिषदेसाठी उर्गेंच या शहरात जमले. अमेरिकेचे डोनाल्ड क्नुथही त्यात होते. उर्गेंच का? कारण ते ख्वारिज्मच्या प्रदेशात आहे. कॉम्प्युटरवाले आपल्या शास्त्राच्या माहेरी गेले, असंच म्हणायचं.

मशीनच्या आत तोच हिशेब

ख्वारिज्मींनी कॉम्प्युटर बनवला, असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. त्यासाठी जॉर्ज बूल, ॲलन ट्युरिंग, क्लॉड शॅनन, जॉन व्हॉन न्यूमन अशा अनेकांचं काम लागलं. पण त्या मशीनच्या आत चालणारी रीत ख्वारिज्मींच्या पुस्तकाशी नातं सांगते, हे आर्किटेक्चरचा अभ्यास करताना दिसतं.

कॉम्प्युटर दहाऐवजी दोनच अंक वापरतो, ० आणि १. घरांची किंमत एकं-दहं-शतंऐवजी १, २, ४, ८ अशी वाढते. आता निम्मं करण्याची ती क्रिया आठवा. १३ ही संख्या बायनरीत लिहायची आहे. १३ चे निम्मे ६, बाकी १. सहाचे निम्मे ३, बाकी ०. तीनाचे निम्मे १, बाकी १. एकाचे निम्मे ०, बाकी १. बाक्या खालून वर वाचा: ११०१. पडताळा: ८ अधिक ४ अधिक ० अधिक १, झाले १३.

दुप्पट करायचं असेल तर? ११०१ च्या शेवटी एक शून्य जोडा: ११०१०, म्हणजे २६. परीक्षेत याला ‘लेफ्ट शिफ्ट’ म्हणतात. निम्मं करणं म्हणजे ‘राइट शिफ्ट’. बेरजेत हातचा घेतो तो ‘कॅरी’. एक आणि एक मिळवले की त्या घरात शून्य आणि पुढच्या घरात हातचा एक, हे काम ‘हाफ ॲडर’ नावाचं सर्किट करतं. शाळेत शिकलेला हातचाच तिथे तारांमध्ये बसवलेला असतो.

प्रोसेसर तरी काय करतो? मेमरीतून एक सूचना उचलतो, तिचा अर्थ लावतो, ती पार पाडतो, आणि पुढच्या सूचनेकडे जातो. त्याला अंदाज करता येत नाही, पायरी गाळता येत नाही. म्हणून आर्किटेक्चरचा प्रश्न सोडवताना आपणही कागदावर रजिस्टरचे रकाने आखून, प्रत्येक सूचनेनंतर कुठल्या रजिस्टरमध्ये काय राहिलं हे लिहीत गेलं पाहिजे. ‘साधारण एवढं येईल’ इथे चालत नाही.

अभ्यासाला बसताना

ख्वारिज्मींच्या पुस्तकांतून परीक्षार्थी मुलामुलींनी उचलाव्यात अशा चार सवयी आहेत.

एक, आधी प्रकार ओळखा. त्यांनी सगळी समीकरणं सहा प्रकारांत बसवली. तुम्हीही रीझनिंगचे मागच्या वर्षांचे पेपर घ्या आणि प्रश्न सोडवण्याआधी त्यांची वर्गवारी करा: नातेसंबंध, बैठक व्यवस्था, सिलॉजिझम, कोडिंग, दिशा. आर्किटेक्चरचंही तसंच: नंबर सिस्टिम, कॅश मेमरी, पाइपलाइन, ॲड्रेसिंग मोड.

दोन, पायऱ्या लिहा. डोक्यात केलेलं गणित चुकलं तर कुठे चुकलं हे कळत नाही. कागदावरचं चुकलं तर ती ओळ सापडते, आणि तीच चूक पुढच्या वेळी टळते.

तीन, कारण विचारा. २५ का मिळवले याचं चित्र त्यांनी काढून दाखवलं. शॉर्टकट वापरायला हरकत नाही, पण तो का चालतो हे माहीत असेल तरच. नाहीतर अट बदलली की शॉर्टकट दगा देतो. ‘सगळे’च्या जागी ‘काही’ आलं की सिलॉजिझमचं उत्तर कसं उलटतं, हे स्वतः वर्तुळं काढून बघा.

चार, पडताळा घ्या. ११२० भागांची बेरीज जुळली की मगच वाटणी झाली. चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या परीक्षेत तर पडताळ्याचं अर्धं मिनिट फार महाग नाही.

आई-वडिलांसाठीही एक सांगणं आहे. महागडा क्लास सगळ्यांना परवडत नाही. पण एक वही, मागच्या वर्षांचे पेपर आणि रोजचा ठरलेला एक तास एवढं तर बहुतेक घरांत होऊ शकतं. मुलगा असो की मुलगी, तो तास दोघांनाही सारखा मिळाला पाहिजे. फजरनंतर घर शांत असतं, तेव्हा केलेला अभ्यास डोक्यात राहतो असं आपल्या जुन्या माणसांचं सांगणं आहे. घरात वारशाचा किंवा जकातीचा हिशेब निघाला तर मुलांना शेजारी बसवा आणि त्यांच्याकडूनच मांडून घ्या. जकात म्हणजे चाळिसावा हिस्सा. यापेक्षा चांगला टक्केवारीचा धडा कुठल्या पुस्तकात मिळणार?

ख्वारिज्मींचं इल्म दरबारातल्या मानासाठी नव्हतं. व्यापाऱ्याचा सौदा सरळ व्हावा, शेताची मोजणी बरोबर यावी, अनोळखी घरातल्या मुलीलाही तिचा हिस्सा पूर्ण मिळावा, यासाठी ते होतं. आज आपली मुलं ज्या खुर्चीवर बसण्यासाठी परीक्षा देत आहेत, तिथेही उद्या त्यांच्या हातात कुणाचा तरी हिशेब असणार आहे. अल्लाह त्या बुजुर्गांवर रहमत करो, आणि आपल्या मुलामुलींना नफा देणारं इल्म आणि त्यावर अमल करण्याची तौफीक देवो. आमीन.